निकाल लागेपर्यंत पेज माझ्याकडे

३ फेब्रुवारी
युनियनच्या निवडणुकीचे अर्ज आज भरून झाले. सेक्रेटरीपदाला दोघंच. आत्ताचे सेक्रेटरी मोहनदादा, आणि आमच्या असेंब्ली लाइनवरची रोहिणी. निवडणूक अधिकारी परेराकाका. कंपनीतून रिटायर झालेत, कुणाच्या बाजूचे नाहीत, म्हणून सगळ्यांना चालले.
त्यांनी चष्मा पुसून नियम वाचला. सोशल मीडियावर युनियनचं जे पेज आहे त्यावर निकालापर्यंत कुठल्याही उमेदवाराचं नाव नाही, फोटो नाही, व्हिडिओ नाही. फक्त सूचना. मग माझ्याकडे बघून, "पेज तू चालवतेस ना नयना? मग जबाबदारी तुझी एकटीची."
हो म्हटलं. खरं सांगायचं तर बरं वाटलं.
घरी आल्यावर पेजवरचा वरचा मोठा फोटो काढून टाकला. गेटसभेचा होता, मधोमध दादा. त्या जागी नुसता झेंडा. विकास शेजारी बसून बघत होता. "दादांना काढलंस?" "निकालापर्यंत रे." गेल्या वर्षी सुपरवायझरशी भांडण झालं तेव्हा माझ्या ह्या नवऱ्याला कंपनीने सस्पेंड केलं होतं. दादा गेटवर ठाण मांडून बसले म्हणून परत आत घेतलं. आमच्या घरात ते कुणी विसरलेलं नाही. मीही नाही.

५ फेब्रु.
डब्याच्या वेळी रोहिणीने व्हिडिओ दाखवला. कॅन्टीनचा नळ, गढूळ धार, आणि ती स्वतः बोलतेय. छान बोलते, घाबरत नाही. "टाक ना पेजवर."
"तू उमेदवार आहेस."
"पान्याचा प्रश्न हाय. माझं तोंड दिसतंय म्हनून पानी स्वच्छ झालं का?"
फक्त नळाचा फोटो दे, तो टाकते, म्हटलं. हसली. पण आज माझ्या डब्यातली भाजी घेतली नाही. वालाची होती, तिच्या आवडीची.

८ फेब्रु., शनि.
प्रेस मशीनवरच्या किशोरचा उजवा हात मशीनमध्ये गेला. दादांनी त्याला स्वतःच्या गाडीत घालून हॉस्पिटलला नेलं. तिथून फोन. "नयना, रक्त लागतंय. लगेच पेजवर टाक. माझा नंबर दे."
लिहिलं. दादांच्या नावापाशी येऊन थांबले. मग नाव पुसलं आणि स्वतःचा नंबर टाकला. किती वेळ गेला? फार नाही. पण गेला.
नंतर फोनवर फोन. माझ्या माहेरची, सांडोरची पोरं मोटरसायकली काढून गेली, विरारहून नाइट शिफ्टवाले गेले. रक्त मिळालं. दादांना कळवलं. म्हणाले, "माझा नंबर का नाही टाकलास?"
"नियम आहे ना दादा."
"बरं केलंस." आणि फोन ठेवला. मनापासून म्हणाले की रागाने, अजून कळत नाही.

९ फेब्रु.
माहेरी. बाबा वाडीत केळीला टेकू लावत होते. त्यांच्यापर्यंत सगळं गेलेलं. "जावयाची नोकरी ज्याने वाचवली त्याचं नाव लिहायला तुला जड जातं?" मी टेकू धरून उभी राहिले. बाबांना समजावता येत नाही. म्हणजे, मला येत नाही.

११ फेब्रु.
सकाळी बसमध्ये पेज उघडलं. किशोर खाटेवर, हाताला हे एवढं बँडेज, शेजारी दादा त्याच्या खांद्यावर हात ठेवून. खाली ओळ: 'संकटात धावून येणारा आपला दादा.'
तिथल्या तिथे काढून टाकला. उपयोग काय? रातोरात सगळ्या ग्रुपमध्ये फिरला होता.
रोहिणी मशीनपाशी येऊन उभी राहिली. "माझं पानी नाय चाललं. ह्यो चालला?"
"मी नाही टाकला."
"मग पेज कोनाकडे हाय?"
बायका माना खाली घालून काम करत होत्या. एकीनेही वर बघितलं नाही.
दुपारी नीट तपासलं. पोस्ट माझ्याच फोनवरून गेलीय. काल संध्याकाळी. तेव्हा मी भाकऱ्या थापत होते, फोन बाहेर चार्जिंगला. घरात आम्ही दोघंच.

तोच दिवस, घरी
विचारलं. लपवलं नाही त्याने.
"हो, मी टाकला. त्यात खोटं काय आहे? दादा तिथे नव्हते?"
"होते."
"मग?"
"माझ्या नावावर गेलं, विकास."
"जे तू स्वतःहून करायला हवं होतंस ते मी केलं."
भांडले नाही. भांडायला हवं होतं. त्याचा चेहरा सस्पेंडच्या दिवसांत असायचा तसाच दिसत होता.

१४ फेब्रु.
मतदान झालं, लगेच मोजणी. दादा निवडून आले, अगदी थोडक्यात. गुलाल नाही, किशोरमुळे. रोहिणीने तिथेच लेखी हरकत दिली. पेजचा वापर झाला, सेक्रेटरीपदाचं मतदान परत घ्या. परेराकाका कागद घडी घालून खिशात ठेवत मला म्हणाले, "येतो मी तुमच्याकडे."

१६ फेब्रु., रवि.
चर्चमधल्या सकाळच्या मिस्सानंतर परेराकाका बोळिंजला आमच्याकडे आले. विकासनेच खुर्ची पुढे केली, चहा त्यानेच आणला. काका बशीत ओतून सावकाश प्यायले.
"नयना, तुझ्या हातून चुकून गेलं असेल तर तसं सांग. ताकीद देऊ, पेज काढून घेऊ, विषय संपला. पण उमेदवाराच्या माणसाने मुद्दाम टाकलं असेल तर मतदान परत. आणि त्या माणसाचं सभासदत्व जातं. मंगळवारी समितीसमोर ये."
विकास कपबशी हातात धरून उभा होता.
काका गेल्यावर दादांचा फोन. "चुकून गेलं म्हण. सगळं मिटेल. आणि विकासला सांभाळ."
विकासला का? मी तर दादांकडे त्याचं नावसुद्धा घेतलं नव्हतं.
म्हणजे त्यांना माहीत आहे. आधीपासून की नंतर कळलं?
एक शब्द बोलायचा, बस. माझी बदनामी होईल, ती आत्ताही होतेच आहे. नवरा वाचेल, दादा वाचतील. सगळ्यांनाच सोयीचं.

१७ फेब्रु.
कामावरून सुटल्यावर हॉस्पिटलला गेले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. आम्ही सगळे किशोरच्या फोटोवर भांडतोय आणि किशोरला भेटायला मला आज वेळ झाला.
बायको शहाळ्याचं पाणी पाजत होती. दोन बोटं गेलीत. तो म्हणाला, "रक्ताचं तुम्ही केलंत, वहिनी, मला सांगितलं हिने." मग, "तो फोटो कुणी काढला मला कळलंच नाही. मी शुद्धीत नव्हतो. गावी आईने बघितला मोबाइलवर. मी तिला सांगणार होतो, थोडं बरं वाटल्यावर, हळूहळू."
रागावला असता तर बरं झालं असतं.
त्याने कुणाचं नाव विचारलं नाही. मी सांगितलंही नाही. सगळा रस्ता त्याची आई डोळ्यांपुढे.

१८ फेब्रु., मंगळ.
समिती झाली. परेराकाका, दोन जुने सभासद, आणि हरकत घेणारी म्हणून रोहिणी. दादा आले नाहीत. विकासची सेकंड शिफ्ट, पण गेला नाही. बाहेर पायरीवर बसला होता.
काकांनी विचारलं, "फोटो तू टाकलास का?"
"नाही. फोन माझा होता. लॉक नव्हता, ती चूक माझी. पण पोस्ट मी टाकली नाही."
"मग कोणी?"
रोहिणी माझ्याकडे रोखून बघत होती. पायरीवर कोण बसलंय ते तिला दिसत होतं. तिला कळलं, हे मला कळलं. तरी ती बोलली नाही.
"मला माहीत आहे, काका. पण त्याने स्वतः येऊन सांगावं असं मला वाटतं. उद्यापर्यंत थांबा. नाही आला तर मी सांगेन."
काकांनी बाकीच्यांकडे पाहिलं. "उद्या संध्याकाळ. त्यानंतर नाही."
मग विकासबरोबर रिक्षाने निघाले. घरी पोचल्यावर मी त्याला सगळं सांगितलं, जसंच्या तसं. शेवटचं वाक्यसुद्धा.
"तू माझं नाव सांगशील?"
"तू नाही सांगितलंस तर."
मग चप्पल घालून खाली गेला. कुठे, ते सांगितलं नाही. गॅलरीतून दिसतोय. सोसायटीच्या गेटपाशी उभा आहे, फोन कानाला. दादांना लावलाय की परेराकाकांना, इथून कळत नाही. मान खाली आहे, बोलतोय कमी, ऐकतोय जास्त.
हाक मारावीशी वाटते. मारत नाही.