थोरलीचं पिल्लू

ता. ४ फेब्रुवारी

चि. बेबीस अनेक आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. तीन कागद फाडले. तुझ्याकडून सर्दी घेऊनच परतलो. नातू नाक पुसायला माझाच खांदा शोधत होता ना! इथे प्राणिसंग्रहालयात कामावर आलो आणि आठवड्यात आमच्या थोरल्या गोरिलिणीचं पिल्लू गेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, न्यूमोनिया.

पिल्लू तपासता यावं म्हणून थोरलीला मीच शिकवलं होतं. मी जाळीवर दोनदा थोपटलं, की तिने पिल्लाची पाठ जाळीला लावायची, मग केळं. आता न बोलावता आणते. सहा दिवस मेलेलं पिल्लू छातीशी धरून हिंडते, त्याचे केस नीट करते, आणि मी दिसलो की त्याची पाठ जाळीला लावून उभी राहते. मी बरं करीन असं तिला वाटतं की काय? दुपारी जेवायला बसलो तरी जाळी कुरकुरल्याचं ऐकू येतं. डबा तसाच झाकून ठेवतो.

तुलाच सांगतो. मास्क पाहून ती बिचकते, म्हणून परतल्यावर पिल्लू तपासताना मी तो हनुवटीखाली ओढला होता. खोकलोही. कुणाला बोललो नाही. तूही बोलू नकोस.

तुझा, बाबा

ता. ७ फेब्रुवारी

ती. बाबांना सा. न. वि. वि.

पत्र दारातच उभ्याने वाचलं. तुमचा नातू दोन दिवस शिंकला आणि तिसऱ्या दिवशी पलंगावरून उड्या मारत होता. लहानपणी मला नुसती शिंक आली तरी तुम्ही फाटकावरूनच परत पाठवायचात. माणसाची सर्दी गोरिलांना जड जाते, हे तुम्हीच शिकवलंत. मग असं कसं केलंत, हे विचारत नाही. तुमचा जीव घरात कमी आणि त्या पिंजऱ्यात जास्त, असं आई म्हणायचीच.

पण बाकीच्यांचं काय? तो पांढऱ्या पाठीचा थोराड गोरिला, दादासाहेब, खोकत असेल तर डॉक्टरीणबाईंना आजच सांगा. काढतील कामावरून. काढू देत. माझ्याकडे या.

माया आहेच, ती कमी होणार नाही.

तुमची, बेबी

ता. ११ फेब्रुवारी

चि. बेबीस आशीर्वाद.

सांगितलं. तुझं पत्र आलं त्याच सकाळी दादासाहेब खोकला. छाती बडवायला उठला आणि दोन थापांतच बसला. डॉक्टरीणबाईंनी आधी सगळ्यांची औषधं काढली. मग म्हणाल्या की काका, आधी कळलं असतं तर सगळ्यांनाच वेळेवर औषध देता आलं असतं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. आता औषध चालू आहे, ताप थोडा उतरलाय, पण भरवसा देत नाहीत. मला आत जायला कायमची बंदी.

फक्त काल एकदा बोलावलं. थोरली पिल्लू कुणालाच देईना. मास्क, हातमोजे, सगळं घालून गेलो. जाळीवर दोनदा थोपटलं. मास्कवरच्या माझ्या डोळ्यांकडे तिने खूप वेळ पाहिलं. मला वाटलं, अंगावर येईल. यावं असंही वाटलं. ती आली ती सावकाश, आणि जाळीतल्या उघड्या खिडकीतून पिल्लू स्वतः माझ्या हातांवर ठेवलं. हिसकावून घ्यावं लागलं असतं तर सोसलं असतं गं. तिने ते दिलं.

आता ती त्या खिडकीसमोरच बसलीये. खात नाही. मी बाहेर, बघ्यांच्या बाकावर. इथून उठून तुझ्याकडे यावं की नाही, मला कळत नाही. तू सांगशील तसं करीन, पण लवकर लिही.

तुझा, बाबा