रुमालाखालचा धागा

बाई, तुम्ही वारलात हे मला देवगडात आंब्याच्या पेट्या भरताना कळलं. त्याला बरीच वर्षं झाली. मधे गोव्यात हॉटेलात होतो, आता मालवणात पर्यटकांच्या बोटीवर आहे. इथे हल्ली समुद्र बघणाऱ्यांपेक्षा फोटो काढणारे जास्त, पण ते राहू दे. ताई कोल्हापुरात हॉस्पिटलात आहे, मंगळवारी ऑपरेशन. तिची मुलगी माझ्याकडे, तुम्ही मला शिकवलंत त्याच शाळेत पाचवीला. शाळेतून कागद आलाय: सरकारी आदेश, सोमवारपासून अंगावर कुठल्याही धर्माचं चिन्ह नको, पालकांनी सही करून द्यावी.

आधी गावात काही जण खूश होते. पोरीच्या बाकावर स्कार्फ बांधणारी तिची मैत्रीण बसते. टपरीवर एकजण म्हणाला, "बरा झाला, आता त्येंचा डोक्यावरचा निघतला." मग कळलं, धागेही निघणार. तोच माणूस ओरडला, "आमचो धागो खंयचो धर्म? तो गाऱ्हाण्याचो!" मी हसलो, पण घरी येऊन आधी पोरीचं मनगट बघितलं. ताई बरी व्हावी म्हणून देवाला गाऱ्हाणं घालून गुरवाने बांधलेला काळा धागा. तो झिजून आपणहून तुटायचा असतो, तोडायचा नसतो. "मामा, हो काढलो तर आयेक काय होतला?" ती विचारते. मैत्रीण दोन दिवस शाळेत आली नाही, हेही त्याच दमात सांगते.

माझाही लहानपणी असाच होता, सारखा ताप यायचा म्हणून बांधलेला. शाळेच्या तपासणीला साहेब येणार, गणवेशाखेरीज काही दिसायला नको. "बाहीत सरकव," तुम्ही म्हणता. "बाई, हाफ बाही आसा." तुम्ही हसता, पर्समधला निळ्या काठाचा रुमाल माझ्या मनगटावर बांधता. "आत काय आहे ते तुझं. साहेबांनी विचारलं तर खरचटलंय म्हण." संध्याकाळी आई विचारते, "धागो खंय गेलो?" मी रुमाल पुढे करतो. "बाईंनी तोडलो." दुसऱ्या दिवशी आई दहा माणसं घेऊन शाळेत. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, आईच्या हातातल्या फोकाकडे पाहिलंत आणि म्हणालात, "चुकलं माझं, वहिनी." वर्ष संपायच्या आत तुमची बदली झाली, कुडाळच्याही पलीकडे.

तोडला मीच होता, जेटीवर, मासे कापायच्या सुरीने. ओल्या रुमालाखाली खाजत होता, एवढंच. देवाने मला काही केलं नाही, ताप पुन्हा आलाही नाही. जे केलं ते गावाने, तुम्हाला. हे पोरीला सांगितलं तर तिची भीती जाईल. पण काढायचा की ठेवायचा हे तिचं तिने ठरवायला हवं, त्या मैत्रिणीनेही. माझ्यासारख्यांनी सह्या केल्या तर ते ठरवणं दोघींच्या हातून जातं, मी नाही केली तर पोर वर्गाबाहेर. दुपारपासून ओटीवर नुसत्या फेऱ्या मारतोय. मघाशी तिला म्हटलं, माझाही धागा होता, तो तोडला गेला. तिने विचारलं, "मामा, तुझो कोणी तोडलो?" माझ्या तोंडून निघून गेलं, "बाईंनी."

हे सगळं मी शाळेच्या त्याच कागदाच्या पाठीवर लिहिलंय. सहीची जागा कोरी आहे. उद्या सोमवार. आणि बाई, पेन्सिलीने लिहिलंय. खोडता यावं म्हणून.