फिटिंगचे वीस मार्क

दि. ९ नोव्हेंबर

प्रिय ठमे,

तुम्ही तिघं खुशाल असाल असं धरून चालते. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण ऐकायला कुणी नसल्यामुळे थोडक्यात आवरतो.

पत्राला कारण, मी नापास झाले. हसू नकोस. शिवणाच्या परीक्षेत शंभरपैकी अठ्ठेचाळीस, पास व्हायला पन्नास. नापासांना पुढच्या वर्गात घेत नाहीत, म्हणजे सकाळचे ते तीन तासही गेले. शाळेत सिस्टरनी पट्टीच्या धाकाने शिकवलेली माझी तुरपाई इथे एकीलाही जमत नाही, आणि दाताने दोरा तोडणाऱ्या बायका पास.

परीक्षेला सात वर्षांच्या मुलीचा फ्रॉक होता. त्यातले वीस मार्क फिटिंगचे, तेही मुलीच्या अंगावर घालून बघून. बाकीच्यांनी नाती, भाच्या आणल्या होत्या. मी नुसता फ्रॉक घेऊन गेले. शेजारची मुलगी मिळाली असती, पण फ्रॉक तिचा नव्हता.

माप कुठून आणलं, विचारशील. स्वयंपाकघराच्या चौकटीवर तुझ्या लेकीच्या उंचीच्या पेन्सिलीच्या दोन रेघा आहेत, चौथ्या आणि पाचव्या वाढदिवसाच्या. एका वर्षात सहा सेंटिमीटर, तर दोन वर्षांत किती? बत्तीस वर्षं गणित शिकवलंय मी. तिसरी रेघ आकडेमोड करून मारली आणि त्यावर कापड कापलं.

निकाल लागल्यावर शिवणाच्या बाईंकडे गेले. तुझ्याहून लहान आहे ती. दोन मार्क वाढवा म्हटलं. अपमान गिळायची सवय नाही, म्हणून जरा तोऱ्यातच म्हटलं. तिने फ्रॉक उलटा केला, प्रत्येक शिवण बोटाने चाचपली, माप कसं काढलं ते विचारलं आणि म्हणाली, "आजी, पोरं त्रैराशिकाने वाढत नाहीत."

चांगली खरडपट्टी काढणार होते. पण मला कुणी आजी म्हणून हाक मारल्याला दोन वर्षं झाली होती.

मार्क तिने वाढवले नाहीत. मुलीला घेऊन या, म्हणाली, पंधरा दिवस निकाल वर पाठवत नाही.

बाहेर पायऱ्यांवर बसले आणि तू आठवलीस. नववीत, माझ्याच वर्गात, चौतीस मार्कांवर अडलेली. स्टाफरूमच्या दारात उभी राहून "बाई, एकच मार्क" म्हणालीस. शाळेत आई म्हणायचं नाही, हा नियमही माझाच. मी पेपर पुन्हा उघडलासुद्धा नाही. तुझं वर्ष गेलं. दोन वर्षांपूर्वी भांडताना तू ते काढलंस, तेव्हाही मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. मग तू लेकीला चपला घातल्यास आणि गेलीस.

या बाईने शिवण उलटून तरी बघितली.

फ्रॉक पोस्टाने पाठवता येईल, पण पोस्टमनला फिटिंग कळत नाही. पंधरातले चार दिवस गेले. माझं माप चुकलं असणार, म्हणून दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटं कापड आत दाबून ठेवलंय. उसवून सैल करता येईल. पेन्सिल चौकटीच्या वरच ठेवली आहे, आणि ती तिसरी रेघ खोडून टाकली.

तुझा एक मार्क अजून अडवून बसलेली,
आई