बाबांना झोप लागेपर्यंत

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माझे वरचे पुढचे दोन दात गेले. मारामारी वगैरे नाही गं! आयुष्यभर सॅक्सोफोन त्यांच्यावर टेकवला, झिजून झिजून हलायला लागले, शेवटी काढावे लागले. नवे बसवलेत. दिसतात झकास, पण फुंक मारली की सूर करकरतो. दातांच्या डॉक्टरीणबाई पेशंट घाबरू नयेत म्हणून बाहेरच्या खोलीत माझीच रेकॉर्ड लावतात. त्यांनी मला ओळखलं नाही, आणि तोंडात त्यांचा हात असल्यामुळे मलाही सांगता आलं नाही.

हॉटेलच्या लॉबीत जेवणाऱ्यांसाठी वाजवत होतो तेव्हापासून त्या मऊ सुरावरच माझं पोट चाललं. एप्रिलमध्ये मोठ्या थिएटरात कार्यक्रम आहे, आयोजक होकारासाठी मागे लागलेत. माझ्या साथीचा पियानोवाला म्हणतो, होईल सवय. मला मात्र धडकी भरलीय. सूर परत आला नाही तर मी करू काय? पेपरवाले नेहमी लिहायचे, याचं स्मूद जॅझ ऐकून झोप येते. आता तीही यायची नाही.

बाबांना यातलं काही बोलू नकोस. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा धाकटा

११ फेब्रुवारी

चि. पिपाणीस,
अनेक आशीर्वाद.

बोलू नकोस म्हणालास, म्हणून पत्र वाचल्या वाचल्या बाबांना सांगितलं. इतकी वर्षं बहीण आहे मी तुझी, कळायला हवं होतं.

बाबा छापखान्यातली रात्रपाळी करून दिवसा झोपायचे, तू रजयांच्या कपाटात दार लावून वाजवायचास, आणि मी बाहेर पहाऱ्याला. ते कुशीवर वळले की मी दारावर टकटक करायची, की तू चिडीचूप. केवढे हुशार समजायचो आपण स्वतःला! आज बाबा म्हणाले की यंत्रांची धडधड त्यांच्या डोक्यात घुमत राहायची, ती तुझ्या वाजवण्याने शांत व्हायची. टकटक झाली की तू थांबायचास आणि ते टक्क जागे व्हायचे. म्हणजे मी इमानेइतबारे त्यांची झोपच मोडत होते रे! आम्हाला सांगितलं का नाही, विचारलं, तर म्हणाले, पोरं एवढी काळजी घेत होती, हिरमुसली असती.

मी लेकीच्या बाळंतपणाला निघालेय. तू इकडे ये, बाबांपाशी राहा. कपाट रिकामं करून ठेवलंय. दार उघडंच ठेव, तुझं पोट आता आत मावायचं नाही. माझ्यावर रागावू नकोस, रागावलास तरी पत्र टाक.

तुझी ताई

२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भाचीला मुलगी झाल्याचं कळलं, फार आनंद झाला.

इथली हकिकत ऐक. पहिल्याच दिवशी बाबा उठून बसले आणि म्हणाले, कोणी तवा खरवडतंय का? मग रोज मी कपाटात आणि ते बाहेर शब्दकोडं सोडवत. मी वैतागलो, आयोजकांना नकार कळवतो म्हणालो. बाबांनी मान वर न करता सांगितलं की लहानपणी तू कोणी वाहवा करावी म्हणून वाजवत नव्हतास, कोणी उठू नये म्हणून वाजवत होतास.

मग मी दातांचा विचार सोडला. जबडा सैल ठेवून, कोणी झोपलंय असं समजून हलकेच फुंकत राहिलो. काल दुपारी बाहेरून घोरण्याचा आवाज आला. ताई, मला रडूच आलं. पण थांबलो नाही, थांबलो असतो तर उठले असते. कपाटात मांडीला मुंग्या आल्या, तरी वाजवत राहिलो.

आयोजकांना होकार कळवलाय. तू परतलीस की बाबांना घेऊन ये, पहिल्या रांगेत बसा. छकुलीला मामेआजोबाचा पापा.

तुझा धाकटा

१९ एप्रिल

चि. पिपाणीस,
अनेक आशीर्वाद.

तू स्टेजवर डोळे मिटून होतास, म्हणून खाली काय झालं ते कळवते. दुसऱ्याच गाण्याला बाबांची मान माझ्या खांद्यावर आली. शेजारच्या बाईंनी मला कोपराने ढोसलं आणि बजावलं की आजोबांना उठवा, बरं दिसत नाही. मी म्हटलं, हात तर लावून बघा!

शेवटच्या टाळ्यांनी ते दचकून जागे झाले आणि सगळ्या थिएटरावर भडकले, तो वाजवत होता ना, मध्येच कशाला थांबवलंत त्याला?

एक मात्र तुला सांगायलाच हवं. मध्ये एकदा ते झोपेत कुशीवर वळू लागले, आणि माझं बोट आपसूक खुर्चीच्या हातावर टकटक करायला गेलं. कार्यक्रम संपेपर्यंत माझा हात मी मांडीखाली दाबून बसले होते.

तुझी ताई