दाजींच्या घोड्याची वेसण

अनसिंग,
तान्ह्या पोळ्याची संध्याकाळ

तीर्थस्वरूप दाजींना धाकट्या मेहुणीचा, म्हणजे वैजयंतीचा, वाकून नमस्कार. तुमची शुगर कशी आहे? ताईचा गुडघा काय म्हणते? हे पत्र बसूनच वाचा, अन् जवळ पाण्याचा गिलास ठेवा. (फोन काहून नाही केला म्हणसान, तं तुमचा आवाज ऐकून मले रडूच फुटलं असतं.)

तुमी खोगीर-लगामाच्या मापासाठी पाठवलेला तो वीतभर शोभेचा तांबडा घोडा मी किती जपला, देवच जाणे! हात धुतल्याबिगर शिवत नव्हती. जुन्या पर्सच्या चामड्याचं खोगीर शिवलं, घड्याळाच्या पट्ट्याचा तंग केला (पोटाखालून आवळाचा पट्टा हो), टाचण्या वाकवून नखाएवढ्या रिकिबी केल्या. लगाम तं असा बसला होता का घोडा आता फुरफुरते का काय, असं वाटे. नागपूरच्या शोभेच्या घोड्यांच्या प्रदर्शनात आमच्या दाजींचाच पहिला नंबर, असं मी चार बायांले सांगूनही बसली होती.

काल पोळ्याच्या दिवशी सूत सरलं म्हणून मी वाशिमले गेली, अन् तिथंच घात झाला. तुमाले ठाऊकच आहे, औंदा ट्रॅक्टर आला अन् आमच्या यांनी बैलजोडी विकली. मामंजींना, म्हणजे माह्या सासऱ्यांना, कोणी विचारलंही नाही. जन्मात पहिल्यांदा पोळ्याले गोठा रिकामा. मी सांजेले घरी येऊन पाहते तं काय! तुमचा घोडा पाटावर उभा. आदल्या दिवशीची राह्यलेली बैलाची खांदशेकणी म्हणून खांद्याले तूप-हळद चोळलेली (ज्या रंगावर तुमी बोटाचा ठसा चालू देत नाही, त्याच्यावर गावरान तूप, दाजी!), पुढ्यात पुरणाची पोळी, अन् नाकात वेसण! अरे बाप्पा! माह्या हातातली पिशवीच गळाली. माहाच दाभण गॅसवर लाल करून म्हाताऱ्यानं नाक आरपार टोचलं होतं. लगाम काढून बाजूले ठेवलेला. तोंडात तार घातल्यावर बिचारं चारा कसा खाईन, म्हणे. मी म्हटलं, मामंजी, हा घोडा आहे, घोड्याले वेसण नसते! तं म्हणतात, "घोडा असन त्याच्या घरी. आज पोळा हाय."

मी तोंडाले येईन ते बोलली. ते घोड्यावरची माशी हाकलत बसले. (माशी खरंच होती, तुपावर.) तुमाले काय तोंड दाखवू, तुमीच सांगा.

तुमची, गुन्हेगारच समजा,
वैजयंती

ता. क. : आज तान्ह्या पोळ्यात लेकरांच्या लाकडी बैलांच्या रांगेत मामंजी स्वतः घोडा घेऊन उभे राह्यले. पहिला नंबर आला. माह्या खोगिराकडे कोणी पाह्यलंही नाही, वेसणीले बक्षीस भेटलं.

ता. क. दुसरा : खरं सांगाचं ते राह्यलंच. घोडा मामंजींजवळच राहू द्या. त्यांनी तो गोठ्यात बांधला आहे, अन् त्याले एकट्याले करमत नाही म्हणतात. तवा तुमच्या शोकेसातली पांढरी घोडीही पाठवून द्या.

ता. क. तिसरा : तिचं नाक तेवढं तुमीच टोचून पाठवा. मामंजींचा हात आता थरथरते, ह्याची वेसण जराशी वाकडी गेली.