किड्यानं खाल्लेलं अक्षर

जयपूर, रविवार, २३ नोव्हेंबर १९८६. पहाटेच्या बसनं अजमेर, तिथून पुष्कर. घाटावरच्या पंड्याकडे दोन तास बसलो. संध्याकाळी सहाला खातीपुऱ्यात घरी परत. ही लेकीकडे गेली आहे. खिचडी केली, खाल्ली, भांडी घासली.

आबा, तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली आणि मी अजून तुमच्या आजोबांना शोधतो आहे. खरं तर हे दादाचं काम. तो तिकडे साताऱ्यात बसून घराण्याचा कुलवृत्तांत छापायला निघालाय, आणि माझी बदली राजस्थानात झाली म्हणून त्यानं हे माझ्या गळ्यात घातलं. दर पंधरवड्याला त्याचं कार्ड येतं, 'पणजोबांचा दाखला लवकर पाठव, प्रेसवाला थांबलाय.' पणजोबा इंग्रजांच्या पलटणीत, अजमेरजवळच्या नसीराबादच्या छावणीत नाईक होते आणि त्या हुद्द्यावरून आपलं आडनाव पडलं, एवढंच त्याला कागदावर हवंय. हे तुम्हीच आम्हाला सांगितलेलं. मूळ गाव कोणतं असं विचारलं की तुम्ही म्हणायचात, "पलटण हेच आपलं गाव." विषय तिथंच संपायचा.

वर्षभर अधूनमधून रजा टाकून अजमेरला जुन्या सरकारी कागदांत बसलो. दोन याद्या मिळाल्या. एकीत त्या नावाचा नाईक छावणीत तापानं मेला आहे. दुसरी चार वर्षांनंतरची, तिच्यात त्याच नावाचा माणूस रजेवर गेला आहे, आणि त्याच्या नावापुढं हुद्दाच नाही. तिथल्या कारकुनाला विचारलं तर म्हणाला, "साहब, एक नाम के दस मिलेंगे. आप पुष्कर जाइए. पंडे की बही में बाप-बेटा साथ लिखे रहते हैं." तेव्हा आज गेलो. जत्रा होऊन गेलेली, घाटावर माणूस कमी. दक्षिणेकडच्या यजमानांच्या वह्या असलेला पंड्या म्हातारा आहे, धोतरावर स्वेटर घालून उन्हात बसला होता. लाल कापडातली लांबट वही त्यानं सोडली आणि तासाभरानं एका ओळीवर बोट ठेवलं. पणजोबांचं नाव होतं. पुत्र म्हणून आजोबांचं नाव. म्हणजे हा आपलाच माणूस. गावही होतं, तुमच्या तोंडून कधी न ऐकलेलं. आणि गावापुढं, 'नाई'.

आपण न्हावी म्हणतो, त्यामुळे क्षणभर मला तो शब्द लागलाच नाही. मग लागला.

"नाईक होगा," मी म्हटलं. "पलटन में थे."

त्यानं वही डोळ्यांपाशी नेली. "लिखा तो नाई है. आगे छेद है. छेद में 'क' भी हो सकता है, कुछ भी हो सकता है. कीड़े ने मुझसे पूछकर थोड़े ही खाया है." मग माझ्याकडे बघून हसला. "पलटन में भी बाल तो बढ़ते हैं, बाबूजी."

मला आपलं मागचं अंगण आठवलं. रविवारी सकाळी तुम्ही दाराला कडी घालता, माझ्या गळ्याभोवती जुनं धोतर गुंडाळता. "मान हलवू नको." तुमची कातर कधी अडखळत नाही. शेजारची बाई एकदा म्हणाली होती, आमच्याही पोराचे कापा की. तुम्ही ऐकलं न ऐकल्यासारखं केलंत. आणि मी मॅट्रिकला असताना हसत हसत म्हणालो, "आबा, तुम्ही दुकानच टाका." तुमचा हात थांबला. कातर फडक्यात गुंडाळलीत. "आजपासून बाहेर जायचं." अर्धेच केस कापलेलं डोकं घेऊन मी सलूनपर्यंत चालत गेलो. पुढं नोकरीला निघालो तेव्हा तीच कातर तुम्ही माझ्या ट्रंकेत ठेवलीत. "परगावी लागते," एवढंच म्हणालात. त्या ट्रंकेबरोबर ती सहा बदल्या फिरली.

पंड्या नवी वही उघडून बसला होता. जुनीला वाळवी लागलीय, तो सगळं उतरवून काढतो आहे. "बोलिए, नाई लिखूँ कि नाईक?"

"पुरानी का क्या करेंगे?"

"सरोवर में. और क्या."

मी म्हटलं, "नाईक."

त्यानं लिहिलं. खाली आजोबा, तुम्ही, दादा, मग मी. शाई वाळेपर्यंत फुंकर घालत राहिला. उद्या दादाला कार्ड टाकीन, दाखला मिळाला म्हणून. गावाचं लिहिणार नाही. तिथं कोणीतरी असेलच, ज्याला आपण ठाऊक असू.

तुमचा शब्द राखला असं इथं लिहिणार होतो. पण ते खरं नाही, आबा. पंड्यानं विचारलं तेव्हा तुम्ही मनातही नव्हता. त्या ओळीखाली माझं नाव येणार होतं आणि मला तो शब्द नको होता, इतकंच. त्या रविवारी मी तुम्हाला हसलो होतो.

हे टाकायला पत्ता नाही. दादाच्या कार्डांखाली ठेवून देईन. कानांवर केस आले आहेत. वर्तमानपत्र पसरलं, आरसा खिडकीला टेकवला आणि फडक्यातून तुमची कातर काढली. दोन्ही बाजू कापून झाल्या. मागचे केस एकट्याला कापता येत नाहीत. ते तसेच ठेवून कागद गोळा केला.