विमान सुनेच्या नावे, हरकतींसह

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, निवृत्त विमान-प्रशिक्षक, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता (माझ्यावर दडपण आणणारा अजून जन्माला यायचाय) माझी शेवटची इच्छा लिहून ठेवते.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक मुलाला. जिन्याखालचा नळ त्याने आता तरी दुरुस्त करावा. मी सांगून थकले.

२. पाने-पकडी, नकाशे, हेडफोन आमच्या फ्लाइंग क्लबच्या मेकॅनिकबाईंना. त्यांचाच हरवलेला टॉर्चही त्यात सापडेल.

३. वैमानिक परवान्याचे समान नियम करणाऱ्या समितीला काहीही नाही. सगळ्या शेजारी देशांत एकच परवाना चालावा, ही कल्पना चांगलीच होती. पण खर्च कोणावर पडेल हे विचारायला आम्हाला बोलावलं, तेव्हा नियम छापून तयार होते. वरातीमागून घोडं. मी उभी राहिले, म्हटलं, "कंपन्या आपल्या वैमानिकांचे पैसे भरतील. हौसेने रविवारी उडणाऱ्यांचं काय?" समितीचे साहेब म्हणाले, "मॅडम, सूचना नोंदवली. चहा घ्या." चहाआधी हजेरीची सही घेतली. अहवालात त्याच सह्या 'संमती' म्हणून मोजल्या. साहेबांना मी अजून माफ केलेलं नाही आणि करायचा विचारही नाही.

४. झळ बसली माझ्या सुनेला. तिला मीच शिकवलं. आडव्या वाऱ्यात ती माझ्यापेक्षा अलगद उतरते. जुना परवाना बदलायचा तर पुन्हा परीक्षा, पुन्हा तपासण्या आणि प्रत्येकाची वेगळी फी. त्यात घराचे हप्ते. "पुढच्या वर्षी बघू, आई," म्हणत तिने उडणंच सोडलं. मला ते फार लागलं. म्हणून माझं दोन सीटचं विमान तिला, आणि माझे दागिने विकून परवान्याचा खर्च भागवावा. विमान विकायचा विषय मुलाने काढू नये.

५. मी त्या समितीपेक्षा बरी, म्हणून सही करण्याआधीच मसुदा दोघांना वाचून दाखवला. मुलगा म्हणाला, "आई, जेवताना हे काय काढलंस?" सुनेने ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "माझी हरकत आहे. तुम्ही गेल्यावर मी कोणाला घेऊन उडू?"

हरकत मान्य. सबब कलम चार रद्द. दागिने आताच विकले, परीक्षेचा अर्ज भरला, विमान तिच्या नावावर केलं. शेजारची सीट मात्र मी इतक्यात कोणालाही देत नाही.

सही: सासूबाई
साक्षीदार: शेजारचे दंतवैद्य, क्लबच्या हिशेबनीसबाई
ठिकाण: हँगरमागची खोली
दिनांक: ४ मार्च